ग्रंथांचा जाणकार आणि मंडळींचा जाणकार : बडोद्यात घडलेल्या एका पेशाची दोन अंगे

एखाद्या संस्थेच्या शताब्दीचा ग्रंथ हाती आला म्हणजे त्यात कोणती पाने असणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. संस्थापकांची छायाचित्रे, अध्यक्षांची नामावली, देणगीदारांची यादी, दर दहा वर्षांच्या ग्रंथसंख्येचा तक्ता. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु जो मनुष्य रोज सायंकाळी दार उघडीत असे, वर्गणीची पावती फाडीत असे, दाखल-नोंदवहीत पुस्तके चढवीत असे, सभेपूर्वी घरोघरी सूचनापत्र फिरवीत असे आणि सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळीत असे, त्याचे नाव या पानांत क्वचितच सापडते. सापडलेच तर ‘आमचे सेवक’ या मथळ्याखाली, शेवटच्या पानावर. वास्तविक, आपल्या वाचनालयांचा इतिहास लिहावयाचा तर तो या माणसाचे काम कोणते मानले गेले आणि त्या कामाला पेशाची प्रतिष्ठा केव्हा, कितपत मिळाली, या प्रश्नाशी येऊन ठेपतो. बडोद्याने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न हिंदुस्थानात सर्वांआधी केला. ते उत्तर अर्धेच हाती लागले, असे मला वाटते. आणि त्या उरलेल्या अर्ध्याची किंमत आपल्यासारख्या संस्था अद्याप मोजीत आहेत.

मराठी मुलखातील सार्वजनिक वाचनालये फार जुनी. रत्नागिरीचे १८२८ चे, नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे व बेळगावचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे, इंदूरचे १८५४ चे. त्यांपैकी अनेकांच्या आरंभी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा धर्तीचे नाव आणि एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा आश्रय आढळतो. पुढे संस्था एतद्देशीय मंडळींच्या हाती आल्या तेव्हा त्यांचा कारभार ठरून गेला : घटना, कार्यकारी मंडळ, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि एक मानद चिटणीस. हा चिटणीस बहुधा वकील, शिक्षक किंवा पेन्शनर. खरी सत्ता, खरी जबाबदारी व खरी दगदग त्याची. पगारी ‘लायब्ररियन’ म्हणजे कारकून आणि शिपाई यांच्या मधली काहीतरी पायरी. त्याने पुस्तके राखावीत, हरवू देऊ नयेत. त्याला काही विद्या अवगत असावी लागते असे कुणाच्या मनातही नव्हते. त्या काळी पुस्तके थोडी होती आणि चिटणिसाला बहुतेक पाठ असत, म्हणून हे निभावले.

बडोद्यातील मराठी समाजाला मात्र संस्था चालविण्याचे वेगळेच वळण होते. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने येथे ‘अन्योन्य साहाय्यकारी मंडळी’ स्थापन झाली. हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो १९०४ साली; म्हणजे कायद्याचा काडीइतकाही आधार नसता, केवळ परस्परांच्या विश्वासावर आणि चोख किर्द-खतावणीवर ही मंडळी पंधरा वर्षे आधीच उभी राहिली. वाचनालयाच्या इतिहासात हा दाखला कशासाठी, असे कोणी विचारील. तो यासाठी की, सभासदांची संस्था चालविणे हे एक स्वतंत्र कसब आहे, ते पुस्तकांच्या जाणकारीहून निराळे आहे, हे या नगरात ग्रंथालय-खाते निघण्यापूर्वीच प्रत्यक्ष दिसलेले होते.

तिकडे अमेरिकेत या सुमारास दुसऱ्याच दिशेने काम चालले होते. १८७६ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी मेल्विल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले. १८८७ च्या जानेवारीत ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची शाळा काढली. या शाळेत त्यांनी स्त्रियांना प्रवेश दिला म्हणून कॉलेजच्या विश्वस्तांशी खटका उडाला आणि दोन वर्षांत शाळा आल्बनीला हलवावी लागली. ग्रंथपालन हा शिकण्याजोगा, परीक्षा घेण्याजोगा पेशा आहे ही कल्पना जगात रुजली ती येथून. म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्या देशातील वाचनालये डोळ्यांखालून घातली तेव्हा हा पेशा तेथेही पुरता पंचविशीत आलेला नव्हता.

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ नंतर तो सबंध राज्यात लागू केला. शाळा सोडलेला मुलगा दोन-चार वर्षांत अक्षरे विसरतो, तेव्हा वाचनालयाशिवाय सक्तीच्या शिक्षणाचा खर्च पाण्यात जातो, हे त्यांचे साधे गणित होते. या गणिताच्या पूर्ततेसाठी १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अलान्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले. बोर्डन यांनी बोस्टन अथेनियममध्ये चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केले होते आणि ड्यूई यांच्या परंपरेशीही त्यांचा जवळचा संबंध होता. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ महाराजांनी देऊन टाकले, संपतराव गायकवाडांच्या संग्रहाची त्यात भर पडली, आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धती एकत्र करून बोर्डन यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. या देशातील ग्रंथालय-शिक्षणाची ही सुरुवात. लाहोरला आसा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात असाच वर्ग काढला तो १९१५ मध्ये.

या वर्गाचा मुख्य भर वर्गीकरण, तालिका, नोंदी, देवघेव यांवर होता. ही ग्रंथांची शिस्त होय. ती बोर्डन यांची हातखंडा विद्या होती आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे दिली. १९१३ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्यामागे एक सुसज्ज खाते उभे होते.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. मोतीभाई नरसिंहभाई अमीन हे १८७३ साली जन्मलेले चरोतरचे शाळामास्तर. १९०६ पासून, म्हणजे बोर्डन यांचे नावही येथे कुणाला ठाऊक नव्हते तेव्हापासून, ते ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगाव छोटी वाचनालये काढीत होते. चार-आठ आण्यांची वर्गणी, दोन वर्तमानपत्रे, एक ओसरी आणि वाचून दाखविणारा एक उत्साही तरुण, एवढ्या भांडवलावर. पुढे ते ग्रंथालय-खात्यात आले आणि खेड्यांतील वाचनालयांचा भार मुख्यत्वे त्यांच्यावर पडला. बोर्डन आणि अमीन यांची गाठ पडणे ही बडोद्याच्या इतिहासातील मोठी भाग्याची गोष्ट. पण त्या दोघांचे कौशल्य एकच होते असे समजणे मात्र चूक.

हा फरक कळण्यासाठी बडोद्याच्या अनुदानाची रीत नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्यातच सारे मर्म आहे. नवे वाचनालय काढू इच्छिणाऱ्या गावाने पंचवीस रुपये जमा केले की सरकार शंभर रुपयांची देशी भाषांतील पुस्तके देई. त्यानंतर वर्षाच्या खर्चाचे तीन वाटे. एक वाटा वर्गणी-देणगीतून गावकऱ्यांचा, तितकाच प्रांत पंचायतीचा, तितकाच सरकारचा. या वाट्याची कमाल मर्यादा खेड्याला १०० रुपये, कसब्याला ३००, प्रांताच्या मुख्य गावाला ७००. इमारतीसाठीही हाच तिहेरी हिशेब. वरकरणी ही केवळ अर्थखात्याची सोय दिसते. पण तिचा परिणाम असा की गावात एक रुपया जमला तर तीन रुपये होत. एक रुपया हुकला तर तिन्ही हुकत. वाचनालय जगणार की मरणार हे तालिकेच्या अचूकपणावर अवलंबून राहिलेच नाही. ते अवलंबून राहिले ते वर्गणी मागायला जाणाऱ्या माणसावर : पाटलाच्या दोन तडांपैकी कोणालाही न दुखावता दोघांकडून पैसे आणणे, सभेला पुरेसे सभासद जमविणे, पावतीपुस्तक आणि रोजकीर्द तपासनिसापुढे ठेवता येईल अशी राखणे, जुन्या चिटणिसाने पद सोडले तर नवा शोधणे, आणि हे सर्व दर वर्षी नव्याने करणे.

या कामाला तेव्हा नाव नव्हते. त्याला मंडळींची शिस्त म्हणावे. अमीन यांनी जन्मभर हेच केले. गावी जावे, चार माणसे बसवावीत, त्यांच्यातला एक हेरावा, त्याच्या हाती दप्तर द्यावे आणि वर्षभर पत्राने त्याचा पाठपुरावा करावा. पुढे १९२० नंतरच्या दशकात वाचनालयांना पुस्तके व साहित्य पुरविण्यासाठी सहकारी मंडळ उभारण्यात त्यांचाच पुढाकार होता. लहान लहान वाचनालये एकेकटी पुस्तकविक्रेत्याकडे गेली तर नाडली जातात, एकत्र आली तर सूट मिळते, हा व्यवहार त्यांना कळला होता. राज्यातील वाचनालयांची संख्या पुढे हजारावर गेली. या संख्येचे श्रेय वर्गीकरणाला देता येत नाही.

मग मौज अशी की ज्या विद्येने वाचनालये जगविली तिच्यासाठी वर्ग निघाला नाही आणि जिच्यासाठी वर्ग निघाला ती विद्या खेड्यातल्या दोनशे पुस्तकांच्या कपाटाला फारशी लागत नव्हती.

खात्यात पुढे शाखा फुटल्या. स्त्रिया व मुले यांचा स्वतंत्र विभाग झाला. फिरत्या ग्रंथालयांच्या मजबूत लाकडी पेट्या रेल्वेने गावोगाव जाऊ लागल्या. जादूचा कंदील आणि पुढे चलच्चित्रे दाखविणारी दृश्यशिक्षण शाखा निघाली. संस्कृत विभागाने तर स्वतंत्र संसारच थाटला. चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या जैन भांडारांतील ताडपत्रे पाहिली, अनंतकृष्ण शास्त्री हस्तलिखितांच्या शोधात हिंडले, १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीजचे ग्रंथ बाहेर पडू लागले आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर निराळे झाले. दलाल १९१८ मध्येच अकाली वारले. ग्रंथालयाच्या नोकरीतून निघून पांडित्याच्या एवढ्या उंचीवर जाता येते हे त्यांनी दाखविले. ‘लायब्ररी मिसेलनी’ या खात्याच्या त्रैमासिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. या पेशाविषयीची मराठीतील आरंभीची चर्चा पुण्या-मुंबईत नव्हे, बडोद्याच्या त्या पानांतून झाली, हे आपल्याला विसरता येऊ नये.

या शाखांत कोणी कोणते क्षेत्र निवडले हे पाहू गेले तर एक गोष्ट ध्यानात येते : बहुतेकांनी निवडलेच नव्हते, त्यांची निवड झाली होती. बोर्डन यांच्यानंतर खात्याची धुरा आली ती जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे. ते एम. ए., एलएल. बी.; वकिलीचा मार्ग समोर असलेला मराठी पदवीधर. १९१९ मध्ये त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि आज त्या काळाविषयी जे काही खात्रीने सांगता येते त्यातले पुष्कळसे त्यांच्यामुळे. त्यांच्यानंतरचे न्यूटन मोहन दत्त हे आधी महाराजांचे वाचक होते, म्हणजे महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारे. त्यांनीही १९२८ मध्ये बडोदे व तेथील ग्रंथालये यांवर पुस्तक लिहिले. माणूस हेरावा, त्याला विशिष्ट विद्येसाठी तयार करावे आणि राज्याच्या कामी लावावे ही महाराजांची एकूण रीतच होती. १९१३ साली भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविताना दहा वर्षांच्या सेवेचा करार लिहून घेतला गेला तो याच रीतीला अनुसरून. ज्या विद्यापीठाने ग्रंथपालांच्या शाळेला एकेकाळी बाहेरचा रस्ता दाखविला होता तेच हे विद्यापीठ. १९२६ मध्ये ती शाळा पुन्हा तेथे आली.

आश्रयदाता निवडतो तेव्हा पेशा उभा राहतो, पण आश्रयदाता गेल्यावर तो पेशा स्वतःच्या पायांवर राहील याची हमी नसते. राहण्यासाठी परीक्षा, पदवी व वेतनश्रेणी लागते. ती दुसरीकडून आली. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून, आपल्याला परत शिकवायला घ्यावे अशी विनंती करण्यास गेले. रिकाम्या दालनात बसून राहणे त्यांना शिक्षा वाटली. ठरले असे की आधी इंग्लंडला जाऊन यावे, मग मन रमले नाही तर शिक्षकाची जागा आहेच. लंडनला डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांच्याकडे वर्गीकरण शिकताना आणि तेथील सार्वजनिक वाचनालये पाहताना त्यांना आपल्या पेशाची दिशा सापडली. एका दुकानातील मेकॅनो खेळण्यावरून द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली ती तेथेच. १९२९ मध्ये मद्रासला वर्ग सुरू झाला, १९३१ मध्ये त्यांची पंचसूत्री प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर हिंदुस्थानात ‘ग्रंथपाल’ म्हणजे कोण हे पुष्कळ अंशी त्यांनी ठरविले. त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की बडोद्याची वाट मागे पडली यात नवल नाही. रंगनाथन यांना समाजातील वाचनालयाची आस्था नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायद्यांचे मसुदे करण्यात त्यांनी आयुष्य वेचले. पण अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी राहिले ते वर्गीकरणच. याचे कारण मला साधे वाटते. वर्गीकरणाची उत्तरपत्रिका तपासता येते. दोन तडांच्या गावातून वर्गणी कशी आणावी याची उत्तरपत्रिका कोण तपासणार?

मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची साखळी सुचविली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, गुजरातचा २००१ चा. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबईत विलीन झाले आणि १९६० मध्ये हे नगर गुजरातेत गेले. या साऱ्या स्थित्यंतरांत सरकारी व विद्यापीठीय ग्रंथालयांतील ग्रंथपालाला प्रतिष्ठा मिळाली, श्रेणी मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. सभासदांच्या वाचनालयातील माणूस मात्र जवळजवळ होता तेथेच राहिला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांत तर त्याचे काम अधिकच बिकट झाले. बडोद्यातल्या एखाद्या मराठी संस्थेचा कारभार पाहणाऱ्याला आज काय काय यावे लागते ते पाहा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे करावयाच्या नोंदी, विश्वस्त बदलला तर त्याचा फेरफार, गुजरातीतील पत्रव्यवहार, जुन्या वास्तूचा नगरपालिकेचा कर आणि तिच्या गळक्या छपराची दुरुस्ती, भाडेकरू असेल तर त्याचा तंटा, आयकराची सवलत टिकवणे. दुसऱ्या बाजूने सभासद : आजी मराठी वाचते, मुलगा मराठी बोलतो, नातू मराठी समजतो आणि इंग्रजी वाचतो. या तिघांनी एकाच घरातून वर्गणी चालू ठेवावी असे काय करावे? इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील मंडळींना हा प्रश्न निराळ्या रूपांत असेल, पण अनोळखी वाटणार नाही. यातले काहीही ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाच्या गाभ्यात नाही. हे काम मानद चिटणीस करतो. तो दिवसा दुसरी नोकरी करतो किंवा सत्तरी ओलांडलेला असतो. तो थकला की संस्था थकते.

हे काम पेशा होऊच शकत नाही, ते सेवाभावानेच व्हावयाचे, असे आपल्याकडील अनेक जाणत्यांचे मत आहे. त्यावर दाखला बोर्डन यांच्याच देशाचा आहे. तेथे १९६० नंतर एका इमारतीतील निरनिराळे गाळे निरनिराळ्या मालकांचे आणि जिना, छप्पर, अंगण सर्वांचे, अशी वसाहत कायद्याने मान्य झाली. १९५८ मध्ये प्वेर्तो रिकोत तसा कायदा झाला, १९६१ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा गाळ्यांच्या कर्जांना संघराज्य सरकारचा विमा मिळाला, आणि अशा वसाहती झपाट्याने वाढल्या. त्यांचा कारभार रहिवाशांनी निवडलेल्या, बिनपगारी मंडळाकडे. थोड्याच वर्षांत आढळून आले की डॉक्टर, विक्रेते, शिक्षक अशा सज्जनांच्या या मंडळांना सभा, वर्गणी, थकबाकी, दुरुस्ती-निधी, विमा हे काही झेपत नाही. अगदी आपल्या चिटणिसाचीच कथा! १९७३ मध्ये तेथे कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. रहिवासी-संघाचा व्यवस्थापक हा स्वतंत्र पेशा ठरला, त्याच्या पदव्या निघाल्या, पुढे परीक्षाही आली. त्यातही विशेष क्षेत्रे पडली : कोणी मोठ्या वसाहतींचे व्यवस्थापन पत्करतो, कोणी पंचवीस वर्षांनंतरच्या छपरासाठी आज किती निधी राखावा याचा अंदाज काढण्यात निष्णात होतो, कोणी विमा व जोखीम, कोणी संघांचा कायदा. मालकी सभासदांची, धोरण मंडळाचे, कसब व्यवस्थापकाचे, अशी विभागणी करता येते आणि ती करून सभासदांची संस्था त्यांचीच राहते, हे त्यातून दिसते. तेथील कारभाराचे सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. व्यवस्थापक शिरजोर झाल्याची गाऱ्हाणी तेथेही आहेत.

याहून खेदाची गोष्ट अशी की या बाबतीत आरंभ आपण आधी केला होता. मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली ती १९१५ साली, अमेरिकेतील त्या कायद्यांच्या चार दशके अगोदर. अन्योन्य मंडळी १८८९ ची, मित्रमंडळे १९०६ ची. संस्था काढण्यात आपण कधीच मागे नव्हतो. ती चालविणाऱ्याच्या कसबाला मोल देण्याची वेळ आली की मात्र आपण ‘सेवाभाव’ हा शब्द पुढे करतो आणि त्याच्या आडून पगार वाचवतो.

ग्रंथालयाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींना आज विषय निवडावयाचा तर समोर संगणकीय तालिका आहे, हस्तलिखितांचे जतन आहे, महाविद्यालयीन ग्रंथालय आहे, मुलांचा विभाग आहे. ही सारी बोर्डन यांच्या वर्गाची लेकरे. ती चांगली आहेत आणि त्यांत नोकऱ्या आहेत. अमीन यांच्या कामाला वारस नाही, कारण ते काम निवडता येईल असे कधी मांडलेच गेले नाही. मांडावयाचे झाल्यास फार मोठी तयारी लागेल असे वाटत नाही. पाच-सहा गावांतील मराठी संस्थांनी मिळून एक पूर्ण पगारी व्यवस्थापक ठेवावा. त्याला विश्वस्त कायदा, हिशेब, सभाशास्त्र आणि दोन्ही भाषांतील पत्रव्यवहार यांचे शिक्षण द्यावे. प्रत्येक संस्थेचा चिटणीस मानदच राहावा, पण त्याच्या डोक्यावरचे दप्तर उतरावे. एकेकट्या वाचनालयाला न परवडणारा पगार सहा संस्थांना मिळून परवडतो. पुस्तकखरेदीसाठी एकत्र येण्याचा जो व्यवहार अमीन यांनी जमविला, तोच येथे माणसाच्या बाबतीत करावयाचा.

मोतीभाई अमीन आणि महाराज सयाजीराव हे दोघेही १९३९ च्या फेब्रुवारीत, काही दिवसांच्या अंतराने निवर्तले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशांचे आणि पोलादी फडताळांचे मजले आजही पाहावयास मिळतात, आणि पाहुण्यांना ते आवर्जून दाखविले जातात.